इतिवृत्तात नसलेली माणसं

स्थानिक सरकारची इतिवृत्तं वाचायला घेतलीत की आधी विचारा : या चर्चेत कोण बोलूच शकत नव्हतं?

न्यूयॉर्क राज्याच्या रॉकलंड काउंटीतलं रामापो हे टाउन घ्या. वस्ती झपाट्याने वाढत होती. १९६९ मध्ये टाउनने नियम केला : मलनिस्सारण, पावसाच्या पाण्याचा निचरा, उद्यानं-शाळा, रस्ते आणि अग्निशमन केंद्र या सोयी किती जवळ आहेत त्यावर गुण, १५ गुण भरले तरच नव्या वसाहतीला परवानगी. सगळ्या सोयी उभारायची योजना १८ वर्षांची! जमीनमालक कोर्टात गेले. १९७२ मध्ये राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयाने नियम वैध ठरवला.

या वादात रहिवासी मतदार होते, जमीनमालक पक्षकार होते. पण तिथे घर शोधणारं, अजून न आलेलं कुटुंब? ते ना मतदार, ना पक्षकार. म्हणूनच न्यायमूर्ती ब्राइटेल यांचं विरोधी मत वाचाच : घरांचा प्रश्न एकट्या टाउनचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

'सोयी अपुऱ्या आहेत' हे कारण खरं असू शकतं, आणि त्याच कारणाने कुणी बाहेरही राहू शकतं. दोन्ही तपासा. इतिवृत्ताशेजारी जनगणना आणि घरांच्या किमती ठेवा.