वीर्यात रक्त दिसले तर डॉक्टरांकडे कधी जावे?

वीर्य लालसर किंवा तपकिरी दिसले की माणूस घाबरतो आणि लाजेने गप्प बसतो. वय चाळिशीच्या आत असेल, असे एकदाच झाले असेल आणि दुसरा त्रास नसेल, तर ते बहुधा आपोआप थांबते. ही ‘धातूची कमजोरी’ नव्हे.

कारणे: प्रोस्टेट किंवा वीर्यकोशाची सूज, लघवीच्या मार्गाचा किंवा लैंगिक संसर्ग, प्रोस्टेटची बायोप्सी, क्वचित क्षयरोग किंवा कॅन्सर.

तपासून घ्या, जर:
- वय चाळीसच्या पुढे असेल
- रक्त वारंवार किंवा महिनाभर दिसत असेल
- लघवीत रक्त, जळजळ किंवा अंडकोशात गाठ असेल
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील (स्वतःहून बंद करू नका)
- वडील किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल

त्याच दिवशी जा: थंडी वाजून ताप, लघवी अडणे, अंडकोशात तीव्र वेदना.

सुरुवातीला रक्तदाब, लघवी व रक्त तपासतात. गरज पडल्यास पीएसए आणि सोनोग्राफी करतात. संसर्गाची शंका असेल तर निदान होईपर्यंत कंडोम वापरा.

ऊसतोडीला निघणार असाल, तर त्याआधीच बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. हंगाम संपेपर्यंत दुखणे अंगावर काढू नका.