कावळ्याचा भाऊबंद

मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात वडिलांनी मला नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर स्वर्गीय नर्तक दाखवला. पांढराशुभ्र नर, काळेभोर तुरेवाले डोके आणि फितीसारखी लांबलचक शेपटी. घरी आल्यावर वडिलांनी वहीत नोंद केली : 'स्वर्गीय नर्तक, कुळ माशीमार.' त्या काळच्या पुस्तकांप्रमाणे ती नोंद बरोबरच होती. आज मात्र ती चुकीची ठरते. असे का झाले, याची हकिकत मोठी गमतीची आहे.

१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले 'कॉर्व्हस पॅराडिसी', म्हणजे चक्क नंदनवनातला कावळा! पुढच्या अभ्यासकांना ते पटले नाही. रुंद चोच, तिच्या मुळाशी राठ केस, उडता उडता किडे टिपण्याची सवय. हा तर माशीमारच! सलीम अली आणि डिलन रिप्ले यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात निघाला. त्यात माशीमार, सातभाई, शिंपी, दयाळ आणि स्वर्गीय नर्तक एकाच मोठ्या कुळात नांदत होते.

पण आपल्याकडची आडनावे पाहा. पाटील हे आडनाव कामावरून पडले. म्हणून गावोगावचे सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. पक्ष्यांचेही तसेच आहे. एकच काम पिढ्यान् पिढ्या केले की चोची सारख्या होतात, रक्ताचे नाते नसले तरी!

नाते शोधायला मग डीएनए आला. चार्ल्स सिब्ली आणि जॉन आल्क्विस्ट यांनी दोन पक्ष्यांच्या डीएनएचे धागे जोडून ते किती तापमानाला सुटतात हे मोजले. नाते जितके जवळचे, तितकी जोड पक्की. १९९० साली त्यांनी आपली मांडणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात स्वर्गीय नर्तक माशीमारांतून निघून कोतवाल आणि कावळ्यांच्या शेजारी येऊन बसला. सव्वादोनशे वर्षांनी लिनियसचा कावळा घरी परतला!

अर्थात लिनियसला श्रेय बेतानेच द्यावे. त्याच लिनियसने आपल्या बागेतल्या सुभगला धोबी पक्ष्यांत घातले होते आणि ते साफ चुकले. सिब्ली-आल्क्विस्ट यांचीही सगळी मांडणी टिकली नाही. कावळ्यांची म्हणून त्यांनी जी मोठी शाखा सांगितली, ती एकसंध नसल्याचे पुढच्या जनुकीय अभ्यासांत दिसले. गाणाऱ्या पक्ष्यांचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या बाजूला होते, हेही त्यातून पुढे आले.

स्वर्गीय नर्तक कावळ्यांच्या गोतावळ्यातला, याबद्दल आता वाद नाही. पण त्या गोतात त्याला सर्वांत जवळचा कोण, यावर अजून एकमत नाही. थोड्या काळात अनेक शाखा फुटल्या. एकाच पिढीत पाच भाऊ वेगळे निघाले, तर कितीतरी पिढ्यांनंतर कोण आधी वेगळा झाला हे सांगणे कठीण. डीएनएमध्येही त्या घाईच्या काळाच्या खुणा फार थोड्या उरतात.

वडील आता नाहीत. वही माझ्याजवळ आहे. त्यांचे 'माशीमार' मी खोडले नाही. शेजारी 'कावळ्यांचा भाऊबंद' असे लिहिले, तेही पेन्सिलीने.