धूळपाटीपासून चावडीपर्यंत

आज आपण ज्ञानकोशाची गोष्ट ऐकणार आहोत. ज्ञानकोश म्हणजे माहितीची कणगी. माणसं, गावं, पिकं, झाडं, आजार, सण, सगळ्यांची माहिती अक्षरांच्या क्रमानं एका जागी लावून ठेवलेली असते. पूर्वी ही कणगी विद्वान मंडळी भरायची आणि ती मोठ्या वाचनालयाच्या कपाटात असायची. आता ती आपल्या मोबाइलवर आली आहे. तिचं नाव विकिपीडिया. ती फुकट वाचता येते, एवढं बहुतेकींना माहीत असतं. तिच्यात आपल्यालाही लिहिता येतं, हे मात्र फार थोड्या जणींना माहीत असतं.

लिहिलं नाही तर आपलं काय जातं? दोन बायांची उदाहरणं सांगते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ नावाचं पुस्तक लिहिलं. बाईच्या चुकीला एक न्याय आणि पुरुषाच्या चुकीला दुसरा, हे कसं काय, असा रोखठोक जाब त्यांनी त्यात विचारला. पुढं ते पुस्तक लोकांच्या विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठं ताराबाईंचं नाव सगळीकडं झालं. मधे नव्वदाहून जास्त वर्षं गेली. आपल्या आज्या-पणज्यांना ते पुस्तक वाचायला मिळालं असतं, पण ते कुठं आहे हे सांगणारंच कुणी नव्हतं.

दुसऱ्या आपल्या बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या. ती घरातल्यांनी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. घरात कुणी वही धरली नसती तर ती गाणी बहिणाबाईंबरोबरच गेली असती. अशा किती बाया गेल्या असतील, ज्यांच्या घरात वही धरणारं कुणी नव्हतं!

आता ज्ञानकोशाकडे येऊ. मराठीत हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसानं ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढायचं ठरवलं. पैसा नव्हता. वर्गणीदार जमवण्यासाठी त्यांनी पुष्कळ पायपीट केली, माणसं जमवली, आणि १९२०च्या दशकात २३ खंड पूर्ण केले. म्हणून त्यांना ज्ञानकोशकार म्हणतात. त्यांच्या पत्नी मूळच्या एडिथ कोन, जर्मन भाषेत वाढलेल्या ज्यू बाई. लग्नानंतर त्या शीलवतीबाई झाल्या. भारतीय वाङ्मयाच्या इतिहासावरचा विंटरनिट्झ या पंडिताचा मोठा ग्रंथ त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत आणला. ज्ञानकोशकार म्हटलं की केतकरांचं नाव येतं, शीलवतीबाईंचं फारसं कुणी घेत नाही. त्यांनी पुढं आपल्या आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाचं नाव आहे ‘मीच हे सांगितलं पाहिजे’.

स्वातंत्र्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम हाती घेतलं. पहिला खंड १९७६ साली आला. वीस खंड पुरे व्हायला चाळीसेक वर्षं लागली. काम पक्कं, तपासून केलेलं. पण छापील पुस्तकाची एक अडचण असते. खंड छापून झाल्यावर नवं धरण बांधलं, नवा जिल्हा झाला, कुणा बाईनं मोठं काम केलं, तर ते त्यात घालायचं कसं?

यावर तोड निघाली ती संगणकाच्या जगात. १९९५ साली अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम यांनी एक अशी जागा तयार केली, की जिथं वाचणाऱ्यालाच मजकूर दुरुस्त करता येईल. तिला नाव काय द्यायचं? हवाई बेटांवरच्या होनोलुलू विमानतळावर फेऱ्या मारणाऱ्या बसला ‘विकी विकी’ म्हणायचे. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. तेच नाव त्यांनी उचललं. पुढं जिमी वेल्स आणि लॅरी सँगर हे दोघं तज्ज्ञांकडून लेख तपासून घेऊन एक ज्ञानकोश करत होते. तपासण्या इतक्या होत्या की लेख पुरेच होईनात. मग १५ जानेवारी २००१ रोजी त्यांनी सगळ्यांसाठी दार उघडलं. तो विकिपीडिया. लोक हसले. कुणीही येऊन लिहिणार म्हणजे बाजारच की! पण लिहिणाऱ्यांइतकेच दुरुस्त करणारेही आले. आज तीनशेहून जास्त भाषांत विकिपीडिया आहे. तो चालवणारी संस्था नफा कमावत नाही, जाहिराती घेत नाही, देणग्यांवर चालते. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच.

मराठी विकिपीडियावर सुरुवातीच्या मंडळींनी शब्द मोठे छान निवडले आहेत. नवख्या माणसानं सराव करायच्या पानाला म्हणतात ‘धूळपाटी’. जुन्या शाळेत पाटीवर धूळ पसरायची, बोटानं अक्षर गिरवायचं, चुकलं की पुसायचं. आपल्या पणज्यांच्या वाट्याला ती धूळपाटी आली नाही. आणि जिथं सगळे लिहिणारे जमून बोलतात, कामाचं ठरवतात, त्या पानाला म्हणतात ‘चावडी’. गावच्या चावडीवर बाईनं चढायचं नाही, अशी रीत आपल्यातल्या थोरल्या बायांनी पाहिली आहे. १९९३ साली पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांसाठी राखून ठेवणारा कायदा लागू झाला, २०११ साली महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या, तेव्हा आपण खुर्चीवर बसलो. या नव्या चावडीवर मात्र कुणी अडवत नसताना आपण गेलोच नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. २०११ साली विकिपीडियाच्या लिहिणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा दहा जणांत जेमतेम एक बाई निघाली. तेव्हा या संस्थेच्या प्रमुख एक बाईच होत्या, सू गार्डनर. बाया का लिहीत नाहीत याची कारणं त्यांनी बायांच्याच तोंडून गोळा केली. घरचं काम आवरून वेळ उरत नाही, आपल्याला एवढं कुठं येतंय असं वाटतं, कुणी लिहिलेलं खोडलं की वाद घालायची इच्छा राहत नाही. मैत्रिणींनो, परदेशातल्या शिकलेल्या बायाही हेच म्हणत होत्या!

लिहिणाऱ्या बाया कमी, म्हणून ज्यांच्यावर लिहिलं गेलं त्या बायाही कमी. इंग्रजी विकिपीडियावर माणसांच्या चरित्रांचे लाखो लेख, पण २०१४च्या सुमारास शंभरातले पंधराच बायांवर होते. २०१८ साली तर कमालच झाली. २ ऑक्टोबरला कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच बाई, आणि पंचावन्न वर्षांनी पहिल्या. लोकांनी त्यांचं नाव विकिपीडियावर शोधलं, तर लेखच नाही! त्यांच्याबरोबर पारितोषिक मिळालेल्या पुरुष शास्त्रज्ञावर मात्र आधीपासून लेख होता. कुणीतरी त्याच वर्षी डोनाबाईंवर लेख लिहून दिला होता. पण त्यांच्याविषयी इतरांनी पुरेसं लिहिल्याचा पुरावा जोडलेला नाही, म्हणून तो परत गेला होता.

ही चूक सुधारायला बायाच पुढं आल्या. विकिपीडियावर ज्याचा लेख अजून झालेला नाही, ते नाव लाल अक्षरात दिसतं. लेख झाला की निळं होतं. अशी बायांची लाल नावं शोधून निळी करायची, असा उद्योग रोझी स्टीफन्सन-गुडनाइट आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१५ साली सुरू केला. तेव्हापासून पंधराचा आकडा विसाच्या घरात आला. त्यांच्याच काळातली एमिली टेंपल-वूड ही विद्यार्थिनी. तिला घाणेरडे ईमेल येत. तिनं ठरवलं, असा एक ईमेल आला की एका स्त्री शास्त्रज्ञावर एक लेख लिहायचा. २०१६ साली या दोघींना विकिपीडियाच्या जगातला वर्षाचा मोठा मान एकत्र मिळाला.

आता आपण काय करायचं ते सांगते. आपल्या गावाचं नाव मराठी विकिपीडियावर शोधा. कित्येक गावांच्या पानावर एकच ओळ सापडेल: अमुक जिल्ह्यातल्या तमुक तालुक्यातलं एक गाव. खाली ‘लोकजीवन’ असा मथळा असतो आणि त्याखाली काहीच नसतं. ती रिकामी जागा आपली आहे.

पहिल्या दिवशी फक्त खातं उघडा. त्यात खरं नाव घालायची सक्ती नाही, टोपणनाव चालतं. फोन नंबर, पत्ता कुठंही लिहू नका. मग धूळपाटीवर चार ओळी लिहून बघा. मराठी टाइप करणं जड जात असेल तर मोबाइलला बोलून सांगा, तो लिहितो, आपण चुका सुधारायच्या. दुसऱ्या दिवशी एखाद्या लेखातली एकच चूक दुरुस्त करा. पानावर ‘संपादन’ असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं, शब्द सुधारायचा, काय बदललं ते एका ओळीत नोंदवायचं आणि प्रकाशित करायचं.

बिघडलं तर काय, ही भीती सोडा. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. तो आपल्या गटाच्या प्रोसिडिंगसारखाच. कुणी, कधी, काय बदललं, सगळं त्यात राहतं, आणि आधीचं पान परत आणता येतं. कुणी तुमचं लिहिलेलं काढलं तर रुसून बसू नका. त्याच पानाला जोडून ‘चर्चा’ पान असतं, तिथं जाऊन कारण विचारा. बैठकीत विचारतो तसंच.

नियम मोजके आहेत, पण कडक आहेत. लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला छापील किंवा भरवशाचा आधार द्यायचा. पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवायचं नाही, आपल्या शब्दांत लिहायचं. कौतुकाची भाषा नको आणि निंदाही नको. आणि आपण स्वतः, आपला गट, आपला पापडाचा धंदा, यांवर आपणच लेख लिहायचा नाही. ते काम तिऱ्हाइतानं करायचं. हिशेब लिहिणारी आणि तपासणारी वेगळी का असते, ते आपल्याला सांगायला नकोच.

आता कळीचा प्रश्न. आपल्या बायांकडचं ज्ञान छापलेलं कुठं असतं? बी कसं राखायचं, बाळंतिणीला काय द्यायचं, कोणती रानभाजी कधी खुडायची, हे कुठल्या पुस्तकात आहे? हाच प्रश्न अचल प्रभाला आणि त्यांच्या सोबत्यांनी २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत काम करून मांडला. लोकांच्या तोंडचं ज्ञान ध्वनिमुद्रित करून त्याचा आधार धरता येईल का, ते त्यांनी करून बघितलं. वाद अजून मिटलेला नाही. पण तोवर आपल्याला थांबायचं कारण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, गाणारणीच्या नावासकट. त्या आता इंटरनेटवर आहेत आणि आधार म्हणून देता येतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत लिहून आलं, म्हणून त्यांच्यावर लेख होऊ शकतो. म्हणजे आधी कुठंतरी छापून यावं लागतं. वर्तमानपत्राला बातमी कळवा, मासिकाला मजकूर पाठवा, रेडिओवर थोरल्या बायांना बोलतं करा. तारीख आणि नाव लिहून कात्रणं जपून ठेवा.

गावाच्या पानासाठी आधार तालुक्याच्या वाचनालयात सापडतील. जिल्ह्याचं गॅझेटिअर असतं, २०११च्या जनगणनेची गाववार माहिती असते, जुनी वर्तमानपत्रं असतात. गटातली एक जण वाचेल, एक लिहील, एक तपासेल. बारव, वीरगळ, देऊळ, आठवडी बाजार, यांचा आपण काढलेला फोटोही देता येतो. माणसांचा फोटो असेल तर त्यांना आधी विचारायचं.

येत्या बैठकीत कर्जाचे हप्ते जमा झाले की अर्धा तास यासाठी ठेवा. सुरुवात गावाच्या पानापासून करा, आणि लोकजीवनाखाली पहिलं वाक्य काय लिहायचं ते मिळून ठरवा.