सागरी सुरक्षेचे नियम आणि मौन संमतीचे तत्त्व

समुद्रावरील सुरक्षिततेच्या नियमांचा इतिहास बहुधा अपघातांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जहाज बुडाले, माणसे दगावली, चौकशी झाली आणि नियम झाला, असा त्याचा क्रम मानला जातो. हा क्रम खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. अपघात आणि नियमाचा अंमल यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते. निरनिराळ्या सार्वभौम राष्ट्रांनी त्या नियमास संमती द्यावी लागते, आणि ती मिळेपर्यंत कागदावरचा नियम कोणाचाही प्राण वाचवू शकत नाही. अलीकडच्या वर्षांत या नियमांत जे बदल होत आहेत, त्यांचे मर्म या मधल्या पायरीतच शोधावे लागते.

आरंभी हा प्रश्न एकाच राष्ट्रापुरता होता. इंग्लंडमध्ये मालाने मर्यादेबाहेर भरलेली जुनाट जहाजे समुद्रात लोटली जात. ती बुडाली तरी विम्याची रक्कम मालकाच्या हाती पडे. सॅम्युएल प्लिमसॉल या पार्लमेंटच्या सभासदाने १८७३ साली या प्रकारावर ग्रंथ लिहून चळवळ केली आणि १८७६ च्या कायद्याने प्रत्येक जहाजावर भारमर्यादेची रेषा काढणे सक्तीचे झाले. परंतु ती रेषा कोठे काढावी हे ठरविण्याचा अधिकार मालकाकडेच राहिला. ही उणीव दूर होण्यास १८९० साल उजाडावे लागले. नियमाचा शब्द आणि नियमाचा अंमल यांतील अंतराचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

या अंतराची भीषण प्रचीती १९१२ साली आली. त्या वर्षीच्या १५ एप्रिलच्या पहाटे 'टायटॅनिक' बुडाले आणि दीड हजारांहून अधिक माणसे मरण पावली. जहाजावर वीस जीवरक्षक होड्या होत्या व त्यांत ११७८ जणांची सोय होती. जहाजावरील माणसे मात्र बावीसशेंच्या वर होती. तरीही कोणताही नियम मोडलेला नव्हता. होड्यांची संख्या माणसांवरून न ठरता जहाजाच्या टनभारावरून ठरत असे, आणि १८९४ पासून चालत आलेल्या कोष्टकातील शेवटचा वर्ग 'दहा हजार टन व त्यापुढील' असा होता. 'टायटॅनिक' सेहेचाळीस हजार टनांचे होते. त्यास सोळा होड्या पुरत होत्या. त्याने चार अधिकच घेतल्या होत्या. जहाजे वाढत गेली आणि कोष्टक होते तेथेच राहिले.

या दुर्घटनेनंतर लंडन येथे परिषद भरली आणि २० जानेवारी १९१४ रोजी समुद्रावरील मानवी जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे तो त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'सोलास' या नावाने ओळखला जाऊ लागला. सर्वांना पुरतील इतक्या होड्या, बिनतारी संदेशयंत्रावर अखंड पहारा आणि उत्तर अटलांटिकमधील हिमनगांवर नजर या गोष्टी त्यात होत्या. परंतु त्याच वर्षी महायुद्ध पेटले व करार अंमलात आला नाही. १९२९ आणि १९४८ साली नवे करार झाले. १९४८ सालीच जिनिव्हा येथे सागरी व्यवहारांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन करण्याचा ठराव झाला. तो प्रत्यक्षात येण्यास १९५८ साल उजाडले. भारत १९५९ मध्ये तिचा सभासद झाला. याच संघटनेस १९८२ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटना असे नाव आहे.

या संघटनेच्या देखरेखीखाली झालेला १९६० चा करार १९६५ मध्ये अंमलात आला. त्यातील एक कलम वरकरणी निरुपद्रवी होते. करारात दुरुस्ती करावयाची झाल्यास सदस्य राष्ट्रांपैकी दोन तृतीयांश राष्ट्रांनी ती स्पष्ट शब्दांत स्वीकारली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. हेच कलम पुढे अडसर ठरले. १३ नोव्हेंबर १९६५ रोजी 'यार्मथ कॅसल' हे प्रवासी जहाज मायामीहून बहामा बेटांतील नासाऊकडे जाताना आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि सुमारे नव्वद माणसे मृत्यू पावली. जहाज १९२७ साली बांधलेले होते व त्यात लाकडाचा वापर विपुल होता. संघटनेने तत्परता दाखवून १९६६ मध्ये अग्निसुरक्षेच्या दुरुस्त्या संमत केल्या. तथापि त्या अंमलात आल्याच नाहीत. १९६७, १९६८, १९६९, १९७१ आणि १९७३ च्या दुरुस्त्यांचीही तीच गत झाली. कोणत्याही राष्ट्राचा त्यांस विरोध होता म्हणून हे घडले असे नव्हे. अनेक सरकारांनी उत्तरच पाठविले नाही. शिवाय नवस्वतंत्र राष्ट्रे करारात सामील होत गेली, तसतसा दोन तृतीयांशांचा आकडाही पुढे सरकत गेला. मौनाचा अर्थ नकार असा होत होता.

१ नोव्हेंबर १९७४ रोजी झालेल्या नव्या कराराने हा अर्थ उलटा केला. आपल्याकडील 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन सर्वपरिचित आहे. या कराराच्या आठव्या कलमाने जवळजवळ तेच तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात आणले. तांत्रिक दुरुस्ती संमत झाल्यावर ठराविक मुदत दिली जाते. त्या मुदतीत एक तृतीयांशाहून अधिक सदस्य राष्ट्रांनी, अथवा जगातील व्यापारी जहाजांच्या निम्म्या टनभाराची मालकी असलेल्या राष्ट्रांनी हरकत नोंदविली नाही, तर ती दुरुस्ती स्वीकृत मानली जाते. हा करार २५ मे १९८० रोजी अंमलात आला. त्यात पूर्वीच्या अडकून पडलेल्या दुरुस्त्या समाविष्ट होत्या. म्हणजे 'यार्मथ कॅसल'च्या आगीतून निघालेल्या नियमास आंतरराष्ट्रीय कायद्याचे बळ मिळण्यास साडेचौदा वर्षे लागली.

पुढील उदाहरणे याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहेत. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जममधील झीब्रुगे बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एन्टरप्राइझ' ही वाहने व प्रवासी नेणारी फेरीबोट पुढील दरवाजे उघडे राहिल्याने उलटली. १९३ जण मरण पावले. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे कप्तानाच्या कक्षात दिसले पाहिजे, हा नियम एप्रिल १९८८ मध्ये झाला आणि २२ ऑक्टोबर १९८९ रोजी लागूही झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटले. बत्तीस जण दगावले. प्रवाशांची संकटकालीन कवायत चोवीस तासांच्या आत घ्यावी, असा तेव्हाचा नियम असल्याने त्या सायंकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. जहाज सुटण्यापूर्वी अथवा सुटताच ती घेतली पाहिजे, हा बदल १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला. साडेचौदा वर्षांचे अंतर तीन वर्षांच्या आत आले.

अलीकडील बदल याच मार्गाने आले आहेत. १ जानेवारी २०२४ पासून जहाज धक्क्यास बांधण्याच्या दोरखंडांची निवड व तपासणी यांविषयीचे नियम कडक झाले. ताणलेला दोर तुटून खलाशी जायबंदी होण्याचे प्रकार त्यामागे होते. १ जानेवारी २०२६ पासून जहाजांवरील याऱ्यांची रचना व तपासणी प्रथमच कराराच्या कक्षेत आली, आणि आग विझविण्याच्या फेसातील पीएफओएस या घातक रसायनास बंदी झाली. बंदरात जहाज आणणारे पायलट ज्या दोरशिडीने जहाजावर चढतात, तिच्याविषयीचे सुधारलेले नियम १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हावयाचे आहेत.

यांपैकी एका नियमाचा भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी निकटचा संबंध आहे. समुद्रात पडलेल्या कंटेनरांची वार्ता कप्तानाने विनाविलंब जवळपासच्या जहाजांना, नजीकच्या किनारी राष्ट्रास व ज्याचा ध्वज जहाजावर आहे त्या राष्ट्रास कळविली पाहिजे, ही दुरुस्ती मे २०२४ मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी २०२६ रोजी लागू झाली. या मधल्या काळातच, मे २०२५ मध्ये, कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाले व त्यावरील कंटेनर केरळच्या किनाऱ्यास लागले. जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावाशेव्याकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' या जहाजास आग लागून कंटेनर समुद्रात पडले. मौन संमतीने प्रतीक्षा कमी होते. ती नाहीशी होत नाही, हे यावरून ध्यानी येते.

या तत्त्वास दोन मर्यादा आहेत. पहिली भाषेची आहे. न बोलता दिलेली संमती मिळविणे सोपे व्हावे म्हणून नियमाची शब्दयोजना पुष्कळदा सैल ठेवली जाते. अमुक साधन 'प्रशासनाच्या समाधानास उतरेल असे' असावे, अशा प्रकारचे शब्दप्रयोग या करारात ठिकठिकाणी आढळतात. कोणाचे प्रशासन, तर ध्वज-राष्ट्राचे. एका राष्ट्राचे समाधान ज्याने होते, त्याने दुसऱ्याचे होईलच असे नाही. संघटनेला पुढे या शब्दांचे एकसारखे अर्थ निश्चित करणारी परिपत्रके काढावी लागली. बंदरांतील अधिकाऱ्यांनी परकी जहाजांची तपासणी करावी अशी व्यवस्थाही विविध प्रदेशांत उभी राहिली. युरोपात ती १९८२ च्या पॅरिस समझोत्याने झाली.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हा करार मुख्यतः आंतरराष्ट्रीय सफरींना लागू आहे. एकाच देशाच्या दोन बंदरांमध्ये ये-जा करणाऱ्या बोटी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेहून अधिक उतारू बुडाले. २० डिसेंबर १९८७ रोजी फिलिपिन्समधील 'दोन्या पाझ' बोटीच्या अपघातात चार हजारांहून अधिक, तर २६ सप्टेंबर २००२ रोजी सेनेगलच्या 'ल जोला' बोटीवर अठराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या दोहोंपैकी प्रत्येक ठिकाणी 'टायटॅनिक'हून अधिक प्राणहानी झाली. तरी या सर्व सफरी देशांतर्गत होत्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून डझनाहून अधिक माणसे दगावली. तीही सफर याच वर्गातील होती. अशा बोटींची सुरक्षा त्या त्या देशाच्या कायद्यावर आणि तो अंमलात आणणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांवर अवलंबून असते.

तात्पर्य, १९७४ च्या कराराने मौनाला संमतीचा अर्थ दिला आणि त्यामुळे असंख्य खलाशांचे व प्रवाशांचे संरक्षण वर्षानुवर्षे रखडण्याचे थांबले. हे यश मोठे आहे. परंतु ज्या सफरींविषयी करारच मौन बाळगतो, तेथे त्या मौनाचा अर्थ संमती असा होऊ शकत नाही, आणि संरक्षण असा तर नाहीच. तेथे नियम करणाऱ्यांस स्पष्ट शब्दांतच बोलावे लागेल. रेवसच्या किंवा घारापुरीच्या धक्क्यावर बोटीत पाऊल टाकणाऱ्या उतारूस अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवाशाइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, ही अपेक्षा या इतिहासातूनच निष्पन्न होते.