मावळातील अध्यापकी: समाधान आणि ताण

पुणे जिल्ह्यातील मावळात महाविद्यालये निघाली ती स्वातंत्र्यानंतर. अध्यापकाच्या समाधानाचा आणि ताणाचा इथला इतिहास मात्र त्याहून जुना आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बाहेर पडलेले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी 1906 मध्ये समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शाळा काढली. कोल्हापूर, मिरज असे मुक्काम करत ती तळेगाव दाभाड्याला आली. काय शिकवायचे हे सरकारी खात्याने नव्हे, शिक्षकांनी ठरवायचे, ही तिची मोठी कमाई. त्याची किंमतही जबर होती. ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखाबद्दल 1908 मध्ये विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली आणि 1910 मध्ये सरकारने शाळाच बंद पाडली. तरी 1918 मध्ये तळेगावातच नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले.

लोणावळ्याची कथाही अशाच एका शिक्षकाची. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी ते महाविद्यालय बंद झाल्यावर 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. योगाची प्रयोगशाळेत तपासणी करायची आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापायचे, हे काम त्यांनी स्वतः निवडलेले होते. अध्यापकाचे समाधान पगाराइतकेच या निवडीवर अवलंबून असते, हे या दोन्ही आयुष्यांतून स्वच्छ दिसते.

स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, पुणे विद्यापीठ सुरू झाले. पुढे तळेगावचे इंद्रायणी आणि लोणावळ्याचे डॉ. बी. एन. पुरंदरे अशी महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली. सरकारी अनुदान आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वेतनश्रेणीमुळे कायम प्राध्यापकाची पगाराची विवंचना मिटली. 1983 नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली; लोणावळा-तळेगाव पट्ट्यातही ती आली. तेथे पगार प्रवेशसंख्येवर आणि शुल्कावर अवलंबून राहिला.

मग ताणाचे रूप बदलले. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेमलेल्या, नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला. यूजीसीच्या 2010 च्या नियमांनी पदोन्नतीला कामगिरी मोजणारे एपीआय गुण जोडले. तास घेऊन झाले की चर्चासत्रांची प्रमाणपत्रे, शोधनिबंध आणि समित्यांची कामे फायलीत लावायची, गुणांची बेरीज करायची. वर्गाच्या तयारीचा वेळ तिकडे जाऊ लागला. 2018 मध्ये ही पद्धत पुष्कळ सुटसुटीत झाली. दरम्यान, वेतनाची थकबाकी आणि नेट-सेटच्या मागण्यांसाठी एम्फुक्टो या प्राध्यापकांच्या राज्य महासंघाने 2013 मध्ये परीक्षांच्या कामावर राज्यभर बहिष्कार टाकला. मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मे महिन्यात तो संपला.

सर्वाधिक झळ बसते ती तासिका तत्त्वावरील अध्यापकांना, म्हणजेच सीएचबीवाल्यांना. शिकवायचे तेच, विद्यार्थी तेच, पण मानधन मोजले जाते घेतलेल्या तासांवर. एका महाविद्यालयातील तासांवर भागत नाही म्हणून अनेक जण दुसऱ्या गावच्या महाविद्यालयातही तास घेतात. मानधनाची बिले उशिरा निघतात, उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी जाते आणि नव्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यावी लागते.