रेषेतून उमटणारा चेहरा

भुवईची कमान जरा उंचावली की चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. चित्रकाराला त्यासाठी एक रेषा पुरते. संगणकाला तीच रेषा उमगण्यास मात्र काही दशके लागली.

१९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट रेखाटन करणे तिच्यामुळे शक्य झाले. पुढे सदरलँड युटा विद्यापीठात अध्यापन करत असताना, १९७२ मध्ये तेथील विद्यार्थी फ्रेडरिक पार्क यांनी बहुभुजांनी घडवलेला त्रिमितीय चेहरा हलता केला. या चेहऱ्याचे नियंत्रण मात्र रेषेकडे नव्हते, आकड्यांकडे होते. जबडा किती उघडावा, भुवई किती उचलावी हे ठरवणारी प्राचले पार्क यांनी १९७४ च्या प्रबंधात मांडली.

१९९२ मध्ये प्रेम कालरा यांनी स्वित्झर्लंडमधील सहकाऱ्यांसह स्नायूंच्या क्रियांचे प्रारूप मांडले. चेहऱ्याचा एखादा भाग नियंत्रण-बिंदूंच्या जाळीत बसवायचा आणि त्या बिंदूंचे स्थान व भार बदलायचे. त्यानुसार पृष्ठभाग ताणला किंवा आकुंचित होतो. कालरा पुढे आयआयटी दिल्लीत प्राध्यापक झाले.

रेषेकडे परतण्यातली खरी अडचण भूमितीची होती. कागदावरची रेषा द्विमितीय असते आणि तिच्याशी जुळणारे त्रिमितीय आकार असंख्य असतात. उणी असलेली खोली अन्य कोठून तरी मिळवावी लागते.

२००४ मध्ये पराग चौधुरी, कालरा आणि सुभाशिस बॅनर्जी यांनी आयआयटी दिल्लीत संपूर्ण पात्रासाठी याचे एक उत्तर दिले. पात्राचे मूळ प्रारूप हाताशी ठेवायचे. रेखाटनावरून आधी कॅमेऱ्याची दिशा शोधायची, मग सांगाड्याची मुद्रा जुळवायची आणि अखेरीस पृष्ठभाग रेषेनुसार वाकवायचा. कागदावर घडलेल्या अ‍ॅनिमेटरचे कसब उपयोगात आणणे, हा त्यांचा घोषित हेतू होता. चौधुरी पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले.

२००६ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात एडविन चँग आणि चॅड जेनकिन्स यांनी हाच विचार चेहऱ्याला लावला. ओठांवर एक रेषा काढायची, ते जेथे जावेत तेथे दुसरी; दोहोंतील अंतर किमान करणारी प्राचले संगणक शोधतो.

पार्क यांचे आकडे यातून नाहीसे झाले नाहीत. ते पडद्याआड गेले. आकडे शोधण्याचे काम यंत्राकडे आले आणि चेहऱ्यावर कोणता भाव उमटावा हा निर्णय पुन्हा चित्रकाराच्या हाती आला.