गोल्फचे बूट : पकड आधी, रुबाब नंतर

अठरा होलची फेरी पायी पूर्ण करणारा गोल्फपटू चार ते पाच तासांत साधारणपणे आठ ते दहा किलोमीटर चालतो. वाटेत चढउतार, दवाने भिजलेली हिरवळ आणि वाळूचे बंकर असतात आणि अधूनमधून पाय घट्ट रोवून पूर्ण ताकदीने फटका मारावा लागतो. चालण्यासाठी बूट हलका व लवचिक हवा. फटक्यासाठी मात्र तो बसका आणि स्थिर हवा. गोल्फच्या बुटाची रचना म्हणजे या दोन मागण्यांमधील तडजोड होय.

उजव्या हाताने खेळणारा खेळाडू काठी मागे नेतो तेव्हा शरीराचा भार उजव्या पायावर येतो. फटका मारताना तो डाव्या पायाकडे सरकतो आणि अखेरीस डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. या वळणात पाऊल निसटले, तर चेंडूची दिशा बिघडते. अमेरिकेचे विख्यात गोल्फपटू बेन होगन यांनी उजव्या बुटाच्या चवड्याखाली एक जादा खिळा बसवून घेतला होता, तो याच पकडीसाठी. धावण्याचा साधा बूट येथे अपुरा पडतो. त्याची जाड, मऊ गादी सरळ धावण्यासाठी बनवलेली असते आणि बाजूने दाब आला की ती दबते.

दीर्घकाळ गोल्फच्या बुटांना धातूचे खिळे असत. त्यांमुळे ग्रीनवर ओरखडे उठत आणि क्लबहाउसची जमीनही खराब होई. १९९०च्या दशकात प्लास्टिकचे मऊ स्पाइक आले आणि हळूहळू बहुतेक क्लबांनी धातूचे खिळे बंद केले. पुढचे वळण २०१०च्या मास्टर्स स्पर्धेत दिसले. पन्नाशीतील फ्रेड कपल्स मोजे न घालता, स्पाइक नसलेले, रस्त्यावर वापरण्याजोगे बूट घालून मैदानात उतरले आणि पहिल्याच दिवशी ६६ फटक्यांत फेरी संपवून आघाडीवर राहिले. त्यानंतर रबराच्या छोट्या उंचवट्यांचे, स्पाइकविरहित बूट सर्वत्र स्वीकारले गेले.

भारतात या दोहोंतील निवड ऋतूवर सोपवणे उत्तम. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात किंवा दिल्लीच्या दवभरल्या हिवाळी सकाळी स्पाइकचा बूटच भरवशाचा. उन्हाळ्यात कडक झालेल्या जमिनीवर स्पाइक नीट रुतत नाहीत आणि टोचतातही. तेथे स्पाइकविरहित बूट सुखाचा. जलरोधक अस्तराचेही तसेच आहे. पावसात ते पाय कोरडे ठेवते, पण मे महिन्यात त्याच अस्तरामुळे पाय घामाने भिजतो. वर्षभर नियमित खेळणाऱ्याने एक महागडा जोड घेण्याऐवजी मध्यम किमतीचे दोन घेणे अधिक शहाणपणाचे.

बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना आणि खेळताना वापरायचे मोजे घालून पाहावा. टाच उचलली जाऊ नये, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी आणि चवडा आवळला जाऊ नये. नाड्यांऐवजी तबकडी फिरवून तार आवळण्याची सोय असलेले बूटही मिळतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पकडीचा अतिरेक टाळावा. पाऊल जमिनीला खिळून राहिले आणि धड वळत गेले, की तो पीळ पुढच्या गुडघ्यावर येतो. उलट, घोटा कमकुवत असेल तर स्थैर्याला प्राधान्य द्यावे. २०२१च्या मोटार अपघातात पायाला गंभीर इजा झालेले टायगर वूड्स २०२२च्या मास्टर्समध्ये परतले, तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षांच्या प्रायोजक कंपनीचे बूट बाजूला ठेवून दुसऱ्या कंपनीचे अधिक स्थिर बूट निवडले होते.

रुबाबाचा विचार यानंतर. काळ्या-पांढऱ्या दुरंगी चामड्याचा नक्षीदार बूट आजही देखणा दिसतो. मात्र पांढरा बूट लाल मातीच्या मैदानावर पहिल्याच फेरीत रंग बदलतो, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. काही क्लबांमध्ये पोशाखाचे नियम कडक असतात, तेव्हा फार भडक जोड घेण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून तो सावलीत वाळवावा. डांबरी व सिमेंटच्या वाटांवर चालून स्पाइक लवकर झिजतात. अनेक जोडांत ते पान्याने काढून बदलता येतात. तशी सोय आहे की नाही, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.